चाळीस सेकंदांचा देवमासा

बाई कुठलीही गोष्ट सरळ बोटाने दाखवत नसत. तर्जनी मधल्या पेरात दुमडायची आणि त्या मुडपलेल्या बोटाने दाखवायचं. भाईंदरजवळच्या मुर्धा गावात त्यांच्या घरामागे पावसाळ्यात काकडीचे वेल असायचे. कोवळ्या काकडीला सरळ बोट दाखवलं की ती कुजते, म्हणून बोट मोडून दाखवावं, असं त्यांना लहानपणी शिकवलेलं. आपल्यापैकी पुष्कळांना ते शिकवलेलं असतं, पण आपण ते काकडीपुरतं ठेवतो. बाईंनी ते सगळ्या जगाला लागू केलं होतं. मेडिकलवाल्याला गोळ्यांची पट्टी, मला माझ्या चित्रातली चूक, रिक्षावाल्याला वळण, सगळं मुडपलेल्या बोटाने. रिक्षावाला हमखास पुढच्या गल्लीत शिरायचा आणि बाई म्हणायच्या, "जाऊ दे, गल्ली काय, फिरून तिथेच येते."

अशा बाईंना टचस्क्रीनच्या धंद्यात आणून बसवलं, हा विनोद आमच्या शेठचा.

आमची कंपनी म्हणजे मिरा रोडला पूनम सागरमधला एक गाळा. एका अंगाला दाताचा दवाखाना, दुसऱ्या अंगाला ब्लाउज शिवणारा टेलर. शाळांमध्ये भिंतीवर जे मोठे डिजिटल फळे लावतात, त्यांच्यासाठी आम्ही धडे बनवायचो. मुलाने चित्राला हात लावला की चित्र हलणार, बोलणार, शाबास म्हणणार. चित्रं काढणं आणि ती हलवणं, दोन्ही माझ्याकडे. शेठचे वडील भाईंदरला किराणा दुकान चालवायचे आणि जवळची शाळा मराठी म्हणून शेठ मराठी शाळेत शिकले. चौथीला त्यांना शिकवायला याच बाई होत्या. शेठ आमच्यावर हिंदीत ओरडायचे, घरी फोनवर गुजरातीत ऐकून घ्यायचे आणि मराठीत फक्त बाईंना घाबरायचे. बाई आत आल्या की पन्नाशीकडे झुकलेला हा माणूस अजून खुर्चीतून अर्धा उठायचा.

मराठी धडे लिहायला माणूस हवा होता, तेव्हा शेठनी निवृत्त झालेल्या बाईंना घरी जाऊन बोलावून आणलं. पहिल्याच दिवशी त्या कॉम्प्युटरसमोरून दचकून मागे सरकल्या. पडद्यावर दाबण्याजोगी जागा आली की बाणाचा हात होतो ना, एक बोट ताठ केलेला छोटा पांढरा हात, तो त्यांनी बघितला होता.

"हा कोणाचा हात?"

"तुमचाच, बाई."

"माझा? मी असं बोट करते का कधी कोणाला?"

दुपारपर्यंत मला त्यांच्या कॉम्प्युटरवरचा तो हात काढून तिथे साधा गोल ठिपका बसवून द्यावा लागला. मी तेव्हा मनात म्हटलं, ही म्हातारी आपला जीव खाणार आहे. आणि तिने खाल्ला.

देवमाशाचा धडा ही शेठची हौस. काही शाळा चालवणाऱ्या एका संस्थेच्या मॅडमना एक नमुन्याचा धडा दाखवायचा होता. तो पसंत पडला तर पुढची सगळी मराठी पुस्तकं आमच्याकडे येणार होती. नाही पडला तर मराठीचं काम बंद, मग बाईंनी घरी जायचं आणि मी दुसरीकडे बघायचं, हे शेठनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं. विषय कुठलाही चालला असता. शेठ म्हणाले, देवमासाच. येईल त्याला सांगायचे, "शाळेतलं मला एकच आठवतं. बाई आम्हाला चौक गावच्या किनाऱ्यावर घेऊन गेल्या होत्या, खरा देवमासा दाखवायला. सगळ्या शाळेत कोणाचा असा दिवस नसेल गेला." हे सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा. बाई तेवढ्यात काहीतरी शोधायला खाली वाकायच्या. मला वाटायचं, स्तुती आवडत नाही म्हणून.

मी पहिलं वाक्य लिहून ठेवलं होतं, 'देवमासा हा मासा नाही.' सगळेच तिथून सुरू करतात. बाईंनी ते खोडलं.

"ओळख करून देताना असं कोणी सांगतं का? हे आमचे शेजारी, हे डॉक्टर नाहीत?"

"पण बाई, नावातच मासा आहे. मुलांचा घोळ होतो."

"होऊ दे की घोळ. तुझ्या नावात काय काय आहे, तशी वागतेस का तू?"

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना श्वास कोंडायला लावला. देवमासा आपल्यासारखाच श्वास घ्यायला वर येतो आणि एरवी तो कोंडून खाली राहतो, हे आधी आपल्या छातीला कळलं पाहिजे म्हणाल्या. मी, शेठ, चहा घेऊन आलेला टेलर, सगळे गाल फुगवून उभे. तेवढ्यात शेठचा फोन वाजला. शेठ लाल झाले, पण बाईंकडे बघून उचलला नाही. नंतर कळलं, फोन त्या मॅडमचा होता.

लांबी समजावी म्हणून त्यांनी एका रविवारी सकाळी गाळ्यासमोरच्या रस्त्यावर खडूने देवमासा आखला. डोकं दवाखान्याच्या पायरीशी, शेपूट पार रिक्षा स्टँडपर्यंत. पंचवीस मीटर, दोरीने मोजून. मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक रिक्षाला सांगायला लागल्या, "भैया, पूँछ पे मत लगाओ ना. आगे लो." आणि गंमत म्हणजे रिक्षावाले पुढे घेत होते. एकाने तर मागच्याला बजावलं, "अरे मछली के ऊपर है तू." बाईंनी त्याला दुरुस्त केलं नाही.

माझं आणि बाईंचं खरं वाजलं ते हातावरून.

तीन आठवडे राबून मी देवमासा उभा केला होता. डोक्याला हात लावला की फवारा, शेपटीला लावला की शेपूट पाण्यावर आपटणार, तोंडाला लावला की तो काय खातो ते कळणार. प्रत्येक वेळी टाळ्यांचा आवाज. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, कशाला खोटं बोलू. बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं.

"छान आहे," म्हणाल्या. "याला किती वेळा हात लावायचा?"

"हवा तितक्या वेळा."

"आणि तो काहीच म्हणत नाही?"

"बाई, चित्र आहे ते!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीचा एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर सगळा धडा होता. समुद्र. बाकी काही नाही. चाळीस सेकंद कोणी हात लावला नाही, तर देवमासा वर येईल. आणखी चाळीस सेकंद लावला नाही, तर डोळा उघडेल. लावला, तर खाली जाईल आणि पुन्हा पहिल्यापासून. बस्स.

मी कागद घेऊन तरातरा शेठकडे गेले. शेठनी तो वाचला, डोकं खाजवलं आणि बाहेर आले. "बाई, पण इसमें इंटरॅक्टिव... म्हणजे, मुलांनी करायचं काय?"

"थांबायचं."

"मग तीन सेकंद ठेवू ना. मुलं थांबत नाहीत हो आजकाल."

"चाळीस," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या. बाईंनी चष्मा पुसायला घेतला की विषय संपला, हे शेठना चौथीपासून माहीत होतं.

डोळ्याने माझा महिना खाल्ला. मी काढलेला पहिला डोळा बाईंनी मुडपलेल्या बोटाने बाजूला सारला. "हा रागावलाय." दुसरा, "हा रडतोय. दया मागायला नाही आला तो." तिसरा थेट समोर बघत होता, तर म्हणाल्या, "एकाकडेच बघतो हा. त्या एकाला जन्मभर पुरेल. नको." असे किती झाले ते आठवत नाही. शेवटी एक साधा डोळा जमला, म्हाताऱ्या म्हशीचा असतो तसा, कोणाकडे बघतोय ते नक्की न कळणारा. बाई त्याच्यासमोर बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "हा चालेल." मी वैतागून टेबलावर डोकं टेकलं होतं, त्यावरून त्यांचा हात फिरला. एवढंच कौतुक मला त्या वर्षात मिळालं.

समुद्राचा आवाज खरा हवा, बाजारातला तयार नको, म्हणून आम्ही दोघी बसने चौकला गेलो. ओहोटी होती. काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि एक कोळीण कावळ्यांना हाकलत बसली होती. मी फोनवर लाटा भरून घेतल्या आणि धीर करून विचारलं, "बाई, चाळीसच का? तीस नाही, पन्नास नाही?"

बाईंनी बोट मुडपून खडकाजवळची एक जागा दाखवली. "इथं होता."

त्यांची भाषा तिथे बदलली. वर्गातली, ऑफिसातली मराठी गळून पडली आणि मुर्ध्याची वर आली. सांगितलं ते असं. मेलेला देवमासा किनाऱ्याला लागलाय, अशी बातमी शाळेत आली. बाईंचा वर्ग शाळेत सगळ्यांत वेगळा. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे वाक्य त्यांच्या वर्गात कधी ऐकू यायचं नाही. हात बांधून कोणी शिकतं का, असं त्या मुख्याध्यापकांनाही सुनवायच्या. त्या आख्खा वर्ग घेऊन इथे आल्या.

"पोरं भ्याली व्हती. मी म्हटलं, भिता कशाला, मेलाय तो. हात लावून बगा. चालीस पोरं व्हती वर्गात, गो. चालीस हात लागले. कोनी थोपटलं, कोनी नखानं खरवडलं, एकानं काठी टोचली. आनी त्यानं डोला उगडला."

मी फोन पिशवीत ठेवला.

"जिता व्हता तो. निपचित पडून श्वास राखत व्हता. पोरं किंचालून पलाली. मी तितंच. त्यानं माज्याकडं बगितलं." बाईंनी पदराने तोंड पुसलं. "मग कोली लोक धावत आले. ओली गोनपाटं टाकली त्याच्यावर, मना शिव्या घातल्या. भरती यायच्या आदीच गेला तो."

"तुमच्या हात लावण्याने नाही गेला, बाई."

"ते मना कलत न्हाय काय? पन बगितलं ना त्यानं."

त्या दिवसापर्यंत त्यासुद्धा बोट फक्त काकडीला मुडपायच्या. त्यानंतर सगळ्यालाच. आणि मुलांच्या हातांना परत कधी हुकूम केला नाही, हात लावा असाही नाही आणि लावू नका असाही नाही. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मला शेठचा फुललेला चेहरा आठवत होता. त्या चाळिसांत ते होते. त्यांना डोळा उघडला ते आठवतं, कारण त्यापेक्षा भारी काही त्यांनी पुढे बघितलंच नाही. त्यांनी कधी बाईंना सांगितलं नाही की ते त्यासाठी आभारी आहेत, आणि बाईंनी त्यांना कधी सांगितलं नाही की त्याच दिवसाने आपण पोळलो आहोत. मीही मधे पडले नाही. आता वाटतं, पडायला हवं होतं.

नमुना दाखवायचा दिवस आला. त्या मॅडमनी भाईंदरच्या बाजूची एक शाळा ठरवली होती. चौथीचा वर्ग, भिंतीवर मोठा फळा. मॅडम मागच्या बाकावर फाईल घेऊन बसल्या. शेठ नवा शर्ट घालून आले होते. मी समुद्र सुरू केला आणि मुलांना म्हटलं, या.

मुलं आली ती फळ्यावरच चढली. पन्नासेक हात एकदम. निळ्या पाण्यावर नुसते तरंग उठत होते. "टीचर, हँग हो गया क्या?" "अरे जोरात दाब ना!" दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. देवमासा वर येण्याचं नाव नाही. मॅडमनी एकदा घड्याळ पाहिलं. मग त्यांनी फाईल मिटली.

शेठ बाईंजवळ आले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. कुजबुजले, "बाई, एकदा बोला ना. हाताची घडी, तोंडावर बोट. तुम्ही बोललात तर ऐकतील. एक मिनिटाचं काम आहे, बाई, प्लीज."

खरंच एका वाक्याचं काम होतं. ते कोणीही म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण शेठना बाईंसमोर वर्गात तोंड उघडवेना आणि मला चौकची गोष्ट माहीत होती. बाईंचे ओठ हलले, ते मी पाहिलं. वर्षाचं काम, माझी नोकरी, त्यांचा देवमासा, सगळं त्या ओठांवर होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "सांगून आला, तर तो आला कसला?"

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात खिचडीची घंटा झाली. मुलं फळा सोडून व्हरांड्याकडे पळाली. वर्ग रिकामा झाला. मॅडम उठून पर्स शोधत होत्या, शेठ त्यांना "मॅडम, सेकंड व्हर्जन भी है" असं काहीतरी सांगत होते, मी फळ्यावरचे बोटांचे डाग बराच वेळ पुसून आता वायर गुंडाळायला वाकले होते. फळ्याला कोणाचाही हात नव्हता.

"आला!"

दारात एक मुलगी खिचडीची ताटली घेऊन उभी होती. मी वळून पाहिलं. पाण्याखालून काळसर पाठ वर येत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, संपतच नव्हती. मुलीच्या ओरडण्याने सगळा व्हरांडा आत घुसला. ताटल्या डाव्या हातात, घास उजव्या हातात. सगळे फळ्यापर्यंत धावले आणि मी वायर घट्ट धरली, गेलं, परत बुडणार. पुढच्या एकाने हात उचललाच होता. त्या मुलीने कोपराने त्याला मागे ढकललं.

"शिवू नको! उष्टा हात आहे तुझा!"

तो थांबला. सगळेच थांबले. प्रत्येकाला आपापला हात दिसला. खिचडीने बरबटलेले ते हात त्यांनी कोपरात दुमडून वर धरले, कपड्यांना लागू नये आणि कशाला शिवू नये म्हणून घरी धरतात तसे. कोणाच्या तोंडात घास होता, त्यामुळे बोलणंही नव्हतं. कोणी काही सांगितलेलं नसताना वर्ग तसा उभा राहिला. मी सेकंद मोजत होते. शेठचेही ओठ हलत होते. मॅडमच्या खांद्यावरून पर्स घरंगळली, ती त्यांनी तशीच राहू दिली.

चाळीस झाले आणि डोळा उघडला.

मी बाईंकडे पाहिलं. त्या सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. हाताची घडी घातलेली, आणि तोंडावर बोट. सरळ बोट.

काम मिळालं, हे सांगायला हवं. देवमासा बऱ्याच शाळांत गेला. अजून फोन येतात, "मॅडम, तुमचा मासा चालत नाही. किती दाबला तरी काही होत नाही." मी म्हणते, "हात काढा आणि थांबा." पलीकडून विचारतात, "किती वेळ?" मी सांगत नाही. बाई गेल्यानंतर तर मुळीच सांगत नाही.

पण त्या दिवसातलं मला जास्त आठवतं ते नंतरचं. सामान आवरून मी बाहेर आले, तर बाई शाळेच्या नळावर होत्या. पदर खोचलेला. रांगेतल्या प्रत्येक मुलाचा हात आपल्या हातात घेऊन, बोटं एकेक करून, नखांपर्यंत धुऊन देत होत्या. त्या मुलांना हात धुता येत नव्हते असं नाही. रांगेत भांडण चाललं होतं.

"बाई, त्याने माझ्याकडे बघितलं."

"चल, माझ्याकडे बघत होता तो!"

"मेरेको देखा. कसम से."

"सगळ्यांकडे बघितलं. हात पुढे कर," बाई म्हणाल्या.

शेवटचं पोर हात झटकत पळालं. बाईंनी नळ बंद केला. आम्ही दोघीच होतो. मी विचारू नये ते विचारलं, "आणि तुमच्याकडे, बाई?"

बाईंनी ओले हात पदराला पुसले. वेळ घेऊन, सगळी बोटं कोरडी होईपर्यंत.

"आज न्हाय बगितलं, गो," म्हणाल्या. "आज त्याला बगाया पोरं व्हती."